गॅरेजच्या जुन्या कोब्यावर रंग टिकत नाही? आधी पोपडा उलटा करून बघा, मग या चुका टाळा

गॅरेजमधल्या जमिनीचा रंग उठायला लागला की सगळ्यात आधी दोष रंगाला दिला जातो, आणि मग त्याच जमिनीवर अजून महागाचा डबा ओतला जातो, जो परत तसाच उठतो. खरं तर बहुतेक वेळा रंगात काही खोट नसते, त्याला धरायला खाली काही मिळालेलंच नसतं. म्हणून नवीन रंग आणायच्या आधी एक काम करा, सुटलेला पोपडा हातात घ्या, उलटा करा आणि त्याची मागची बाजू नीट बघा, कारण काय चुकलं ते तिथे दिसतं.

मागच्या बाजूला राखाडी भुकटी किंवा सिमेंटचा पातळ पापुद्रा चिकटलेला असेल तर रंगाने काँक्रीटला घट्ट धरलं होतं, पण काँक्रीटचा वरचा थरच कमजोर होता आणि तो रंगाबरोबर निघून आला. जमीन टाकताना पाणी जास्त झालं किंवा वर पाणी साचलेलं असतानाच घोटाई केली की सिमेंटचं बारीक पीठ पाण्याबरोबर वर येतं आणि तिथे असा पोकळ थर बसतो. मागची बाजू एकदम स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर रंगाने पकड घेतलीच नव्हती, म्हणजे खाली जुना सीलर (छिद्रं बंद करणारा लेप) होता, तेल होतं नाहीतर कोबा काचेसारखा घोटलेला होता. आणि पोपडा ओलसर असेल, खाली पाण्याचे फुगे किंवा पांढरे क्षार दिसत असतील तर ओल जमिनीखालून येतेय. आता ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि तिन्हीवर एकच उपाय चालत नाही, सगळ्यांना सरसकट अॅसिडने धुऊन काढायचं हीच मुळात पहिली चूक.

ओल न तपासणं

जमीन वरून कोरडी दिसते म्हणून ती कोरडी असते असं नाही. काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं असतात, त्यातून मातीतली वाफ सतत वर येत असते आणि उघड्या कोब्यातून ती निघून जाते म्हणून आपल्याला कळत नाही. वर इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या, कडक होणाऱ्या रंगाचा) थर आला की तिची वाट बंद होते आणि मग ती रंगालाच वर ढकलते. तपासायला साधारण ४५ सेंमी बाय ४५ सेंमीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि कमीत कमी १६ तास तसाच ठेवा, थेट ऊन पडेल अशा जागी नको. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर ओल आहे. एकाच जागी करू नका, भिंतीजवळ, मध्यभागी आणि दाराजवळ अशा तीन-चार ठिकाणी करा. आणि हो, कोरड्या ऋतूत ही टेस्ट पास झाली म्हणून पावसाळ्यातही होईल असं धरून चालू नका, बाहेरची माती भिजलेली असताना केलेली टेस्ट जास्त भरवशाची.

ओल निघाली तर आधी बाहेर बघा, छपराचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, जमिनीचा उतार गॅरेजकडे आहे का. ते सुधारूनही ओल राहिली तर ओलसर काँक्रीटसाठी बनवलेला इपॉक्सी प्रायमर वापरा, किंवा रंगाचा नादच सोडा आणि आत मुरणारा, वाफ अडवत नाही असा सीलर लावा. माझं मत विचाराल तर कायम ओल असलेल्या जमिनीला हा दुसराच पर्याय चांगला, रंगासारखी चमक नाही येणार पण पोपडे तरी निघणार नाहीत.

तेलाचे डाग नुसते पुसून पुढे जाणं

इंजिन ऑइल काँक्रीटमध्ये आत मुरतं. वरून डाग गेला तरी आतलं तेल हळूहळू वर येतं आणि बरोबर त्याच गोलाकार जागेतला रंग सुटतो. डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारं द्रावण) ओता, थोडा वेळ राहू द्या, कडक ब्रशने घासा, घाण पाणी आधी उपसून घ्या आणि मगच धुवा, नाहीतर तेच तेल सगळ्या जमिनीवर पसरतं. जुना डाग एका वेळेत जात नाही, परत परत करावं लागतं. झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, वर थोडं पाणी शिंपडा. एखाद्या मिनिटात पाणी मुरून जागा गडद झाली तर ठीक, मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर तिथे अजून तेल किंवा सीलर आहे. टायर चमकवायच्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं, ते जमिनीवर पडलं असेल तर रंग त्या जागी गोल गोल फाकतो आणि मध्ये खळगे दिसतात.

अॅसिडवर नको तितका भरवसा

अॅसिडने धुतलं की जमीन तयार झाली असं सर्रास सांगितलं जातं, पण अॅसिड फक्त उघड्या सिमेंटवर काम करतं. तेल, जुना रंग, सीलर यांच्यावर त्याचा काही उपयोग नाही, टाकल्यावर जिथे फेस येत नाही तिथे काहीच झालेलं नसतं. शिवाय धुतल्यावर राहिलेले क्षार आणि भुकटी नीट निघाली नाही तर तुम्हीच स्वतःच्या हाताने एक नवीन कमजोर थर तयार करून ठेवता. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली अवजारं गंजतात ते वेगळंच.

तरीही वापरायचंच असेल तर प्लॅस्टिकची बादली घ्या आणि नेहमी पाण्यात अॅसिड ओता, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच घ्या. चष्मा, रबरी हातमोजे, बूट घाला, दार पूर्ण उघडं ठेवा, आणि ब्लीच तर आसपासही नको कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. जमीन आधी ओली करून घ्या. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने भरपूर, मग वाळल्यावर काळं फडकं फिरवून बघा, पांढरं लागलं तर परत धुवा. आणि आता जमीन पाणी प्यायलेली आहे हे विसरू नका, ती पूर्ण वाळायला काही दिवस जातात, वाळली का हे परत प्लॅस्टिकनेच तपासा.

ग्राइंडर यापेक्षा कितीतरी चांगला. डायमंड कप व्हील (काँक्रीट घासायची, हिऱ्याचे कण बसवलेली वाटीसारखी चकती) लावलेलं मशीन जुना रंग, सीलर आणि कमजोर थर तिन्ही काढतं आणि पाणीही लागत नाही. हात फिरवल्यावर साधारण १२० नंबरच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागायला हवं. पण व्हॅक्यूम जोडलेलं झाकण असल्याशिवाय चालवू नका आणि चांगला डस्ट मास्क लावाच, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असतो आणि त्याने फुफ्फुसाचं कायमचं नुकसान होतं. जुना रंग खूप वर्षांपूर्वीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो घासायच्या आधी तपासून घ्या.

तड्यांचं थोडक्यात सांगते. बारीक स्थिर तडा इपॉक्सी फिलरने भरा, पण जमीन टाकताना मुद्दाम सोडलेल्या सांध्यात कडक फिलर भरू नका, तो सांधा हलणारच आणि वरचा रंग फाटणारच, तिथे लवचिक सीलंट लागतं.

दोन भागांचा रंग अंदाजाने मिसळणं

इपॉक्सीत हार्डनर (रंगाला कडक करणारा दुसरा भाग) जास्त टाकला की लवकर वाळतो हा गैरसमज आहे, प्रमाण चुकलं तर तो नीट कडक होतच नाही. ड्रिलला मिक्सर लावून कमी स्पीडवर साधारण ३ मिनिटं फिरवा, मग दुसऱ्या बादलीत ओतून परत फिरवा, कारण पहिल्या बादलीच्या कडांना न मिसळलेला माल राहतो आणि तोच खरवडून जमिनीवर लावला की तेवढे पट्टे कायम चिकट राहतात. ते आपोआप वाळतील म्हणून वाट बघू नका, खरवडून काढा, सॉल्व्हंटने पुसा आणि परत लावा. मिसळलेला माल बादलीत ठेवून निवांत बसू नका, तो तापतो आणि पटकन घट्ट होतो. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ हात मारा, आणि दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेतच, ती वेळ उलटली तर पॉलिश पेपरने घासल्याशिवाय नाही.

सकाळी रंग लावला आणि दुपारी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, असं होत असेल तर कारण तापमान आहे. जमीन तापायला लागली की छिद्रांमधली हवा फुगते आणि ओल्या रंगातून बुडबुडे होऊन बाहेर पडते. म्हणून तापमान उतरत असताना, म्हणजे दुपार टळल्यावर लावा. थंड दमट हवेत उलटा त्रास होतो, इपॉक्सीवर मेणचट चिकट थर येतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवल्याशिवाय दुसरा हात लावू नका. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवं.

गाडी लवकर आत घेणं

फक्त चाकांच्या जागी रंग निघाला असेल तर हे बघा. चालून आलेली गाडी उभी केली की गरम टायर रंगाला चिकटतो, थंड होताना आक्रसतो आणि गाडी हलली की रंग ओढून घेऊन जातो. एका डब्यात येणाऱ्या अॅक्रिलिक रंगांना हा त्रास जास्त, डब्यावर इपॉक्सी असं मोठ्या अक्षरात लिहिलं असलं तरी. दोन भागांची इपॉक्सीही चालण्याइतकी एका दिवसात वाळते पण गाडीसाठी ३ ते ७ दिवस थांबावं लागतं, थंडीत त्याहून जास्त. आधीच निघाला असेल तर नुसता तेवढ्यावर रंग फासू नका. कडेचा रंग घट्ट लागेपर्यंत खरवडत जा, टेप लावून जोरात ओढून बघा, टेपबरोबर काही आलं नाही की कडा घासून सपाट करा आणि मग पॅच मारा. टेपबरोबर सगळीकडेच रंग निघत असेल तर पॅच करत बसू नका, सगळा जुना रंग ग्राइंडरने काढा.