दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधावेत

इंग्रजी अक्षरांचा एखादा संच हाती आला की हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे शब्दसंग्रह वाढवा, आणि दुसरा म्हणजे अक्षरांच्या सगळ्या जुळण्या लिहून पाहा. पहिला सल्ला समोरच्या कोड्याच्या कामाचा नाही. दुसरा देणाऱ्याने तो स्वतः कधी पाळलेला नसतो, कारण सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या ७२० मांडण्या होतात आणि सात अक्षरांच्या ५०४०.

सर्वप्रथम प्रश्न नेमका काय आहे, ते ठरवावे. ए, सी आणि टी ही अक्षरे दिली असतील, तर फक्त तीच वापरून शब्द करायचा असल्यास ‘कॅट’ आणि ‘ॲक्ट’ मिळतात, तीच अक्षरे त्याच क्रमाने सलग हवी असल्यास ‘फॅक्ट’ आणि ‘ॲक्टर’ही चालतात, आणि ती शब्दात कुठेही असली तरी पुरे असल्यास ‘टीचर’ आणि ‘स्टमक’सुद्धा बसतात. हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढची मेहनत वाया जाते.

नंतर अक्षरे चिठ्ठ्यांवर लिहून ती गोलात मांडावीत, आणि स्वर एका बाजूला घ्यावेत.

आता शेपट्या पाहाव्यात. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, टी-आय-ओ-एन यांपैकी काही जुळत असेल, तर ते बाजूला काढून उरलेल्या अक्षरांकडे पाहावे. मात्र उरलेल्यांत एकही स्वर नसेल, तर त्या शेपटीवर फार वेळ न घालवता ती मोडून टाकावी.

खरी अडचण यापुढे आहे आणि तिने मला कित्येक वर्षे छळले. आपण मराठी माणसे शब्द कानाने शोधतो. आपल्या लिपीत जे ऐकू येते तेच बहुतांशी लिहिले जाते, त्यामुळे अक्षरे समोर आली की आपण मनात उच्चार जुळवू लागतो आणि जुळणारा पहिला उच्चार पकडून बसतो. वर सांगितलेल्या ‘टीचर’मध्ये ए आहे, हे कानाला कधीच कळणार नाही.

एकदा स्क्रॅबल या अक्षरांतून शब्द मांडण्याच्या खेळात पहिल्याच खेळीला माझ्याकडे जी, एच, आय, के, एन, एस, टी अशी सात अक्षरे आली. आय-एन-जी दिसताच मी हुरळलो. पण एच, के, एस, टी यांत स्वरच नसल्यामुळे ‘थिंग’ आणि ‘थिंग्ज’च्या पुढे गाडी जाईना. मग ‘नाइट्स’, म्हणजे रात्रीचे अनेकवचन, सुचले. शेवटी ‘थिंक्स’ मांडून मी मधल्या चौकटीच्या दुपटीसह २६ गुण घेतले आणि स्वतःवर खूश झालो. शेजारी बसलेली माझी भाची म्हणाली, “मामा, के पुढे ठेवून बघ ना.” रात्रीच्या ‘नाइट्स’पुढे के ठेवला की सरदार, म्हणजे इंग्रजीतले दुसरे ‘नाइट्स’, उभे राहतात, उच्चार तसूभरही बदलत नाही आणि सातही अक्षरे संपतात. शब्दाचे १५ गुण दुपटीने ३० झाले असते, त्यावर सर्व अक्षरे वापरल्याचे ५० मिळून एकूण ८०. ५४ गुण मी केवळ कानावर विसंबल्यामुळे घालवले.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: तोंडाने पुटपुटणे बंद करावे आणि मुक्या जोड्या डोळ्यांनी तपासाव्यात. एनच्या आधी के, आरच्या आधी डब्ल्यू, एमच्या नंतर बी, टीच्या आधी जी-एच, ‘फ’साठी पी-एच, आणि ‘क’साठी सी-एच, जसे ‘स्टमक’मध्ये आहे. जोडीतील दोन्ही अक्षरे संचात असतील, तर ती जोडी चिकटलेली आहे असे धरून एकदा तरी शोध घ्यावा. विशेषतः सातपैकी सहा अक्षरांचा शब्द सापडून एक व्यंजन उरले असेल, तर ते निरुपयोगी मानण्याआधी मुके म्हणून सापडलेल्या शब्दाच्या पुढेमागे लावून पाहावे. ‘नाइट्स’ सापडल्यावर उरलेल्या के-कडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते, तीच चूक होती.

तयार शब्दयादी संगणकावर असेल आणि अक्षरे शब्दात कुठेही चालणार असतील, तर एक्सेलमध्ये ‘या अक्षराचा समावेश आहे’ अशी चाळणी लावून हे काम लवकर होते, मात्र एका स्तंभावर एका वेळी अशा दोनच अटी लावता येतात. शिवाय ही चाळणी अक्षर आहे की नाही एवढेच पाहते, ते किती वेळा आहे हे मोजत नाही. ‘लेटर’सारख्या शब्दासाठी दोन टी हवे असतील, तर अटीत टी, मग तारांकन, मग पुन्हा टी असे लिहावे.