चिलमीच्या खापरांसाठी निघताना

सोलापुरातून उत्खनन शिबिराला निघालेल्या मुलामुलींनी पिशवी भरण्याआधी एवढं मनाशी पक्कं करावं की मातीच्या चिलमीचा तुकडा काळ सांगतो. तंबाखू मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे आली पोर्तुगीजांमार्फत. अकबराचा दूत असद बेग याने 1604 च्या सुमारास अकबरासाठी तंबाखू आणि हुक्का नेला तो विजापूरहून, म्हणजे अगदी आपल्या शेजारून. म्हणून तंबाखूची चिलीम मातीच्या ज्या थरात निघते, तो थर साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा धरतात. मात्र ती उंदराच्या बिळातून किंवा नंतर खणलेल्या खड्ड्यातून खाली उतरलेली नाही ना, हे आधी तपासायचं. त्यासाठी चर क्रमांक, थर, खोली, तारीख असे रकाने वहीत घरूनच आखून न्या. कुठून निघाला हे लिहिलं नाही, तर त्या तुकड्याचा अभ्यासाला काही उपयोग नाही.

शिसपेन्सिली जास्त घ्या. खापरांसोबत ठेवायच्या चिठ्ठ्या पेन्सिलनेच लिहायच्या, ओलीत शाई फुटते. पिशव्यांना टाचणीने भोकं पाडून ठेवा आणि खापरं सावलीत वाळल्यावरच भरा.

दात घासायचा मऊ ब्रश हवाच, पण तो फक्त बाहेरच्या अंगाला. चिलमीच्या आत काळा थर चिकटलेला असतो. त्याला पाणी नाही, ब्रश नाही, बोटही नाही. प्रयोगशाळेत त्यातून निकोटिनचा माग काढता येतो. असा तुकडा न धुता ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा.

व्हर्निअर कॅलिपर एका गटात एक पुरे. युरोपीय पांढऱ्या मातीच्या पाइपांच्या लांब दांडीतलं भोक काळानुसार बारीक होत गेलं, त्यावरून अमेरिकी पुरातत्त्वज्ञ हॅरिंग्टनने 1954 मध्ये काळ ठरवण्याची रीत मांडली. आपली चिलीम नरसाळ्यासारखी, बिनदांडीची. तळाच्या भोकावर खडा बसवून ओढायची. तिला ते गणित लावू नका. तोंडाचा व्यास, उंची, रंग, नक्षी एवढं नीट टिपा.

सोलापुरी चादर बसायला आणा, फोटोखाली नको. नक्षीत तुकड्याच्या कडा हरवतात. फोटोला साधं काळं कापड आणि पट्टी. टोपी, भरपूर पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सांगायला नकोच.

किल्ल्यात किंवा शेतात फिरताना तुकडा दिसला, तर खिशात घालू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. जागेवरच फोटो घ्या, ठिकाण लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.