आंब्याच्या मोहोराची जनुके मोजताना

हापूसच्या एकाच झाडावर एका फांदीला मोहोर असतो, शेजारचीला पालवी. मोहोराची जनुके किती चालू आहेत हे मोजताना हा फरक घोळ घालतो. म्हणून पावसाळा सरताच पक्व डहाळ्यांना लेबले लावून त्यांच्यावर पालवी फुटल्याची तारीख लिहा. मोहोराचा संदेश देणारे एफटी जनुक पानात चालू होते आणि त्याचे प्रथिन अन्नवाहिनीतून कळीकडे जाते. त्यासाठी शेंड्याजवळची जून पाने हवीत. फुलाची घडण सुरू करणाऱ्या एलएफवाय आणि एपी१ जनुकांसाठी शेंड्याची कळी घ्या. एफटीची पातळी दिवसभरात बदलते, तेव्हा नमुने दर आठवड्याला ठरल्या वेळीच तोडा, नाहीतर दिवसाच्या वेळेचा परिणाम मोहोर आणणाऱ्या थंडीच्या नावावर जमा होतो. किमान तीन झाडे हवीत. एका झाडाच्या तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. कल्टार (पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक) दिलेली झाडे वेगळी ठेवा. ते जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाची निर्मिती अडवते आणि मातीत टिकते, म्हणून गेल्या वर्षीची आळवणीही विचारून घ्या.

नमुना तोडताच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. आंब्यात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर, त्यामुळे नुसत्या ट्रायझॉलने (आरएनए काढण्याचे तयार द्रावण) आरएनए (चालू जनुकाची प्रत) बहुधा तपकिरी निघतो. १०० मिलिग्रॅम पुडीला ९०० मायक्रोलिटर सीटॅब (पेशी फोडणारे साबणासारखे रसायन) द्रावण घ्या: २% सीटॅब, २% पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारे), २ मोलर मीठ आणि आयत्या वेळी २% बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर १० मिनिटे ठेवा. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने (२४:१) दोनदा धुवा. वरच्या थरात त्याच्या पाव भाग १० मोलर लिथियम क्लोराइड घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवा. नंतर उरलेला डीएनए तोडायला डीएनएज विकर. २६०/२३० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींवरील प्रकाशशोषणाचे, शुद्धता दाखवणारे) १.८ च्या खाली आले तर पुढे जाऊ नका, लिथियमची पायरी पुन्हा करा.

जनुक ओळखण्यात खरी फसगत होते. हापूसचा जीनोम (संपूर्ण डीएनए-क्रम) २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना-वनस्पतीच्या एफटीने शोध घेतला की टीएफएल१ सुद्धा वर येते: घराणे एकच, काम उलटे, कारण ते फुलणे रोखते. प्रथिनांची जुळणी लावून बघा. अरॅबिडॉप्सिसच्या एफटीत ८५ व्या जागी टायरोसिन असते, तर टीएफएल१ मध्ये तिच्याशी जुळणाऱ्या ८८ व्या जागी हिस्टिडिन. ही खूण न बघता प्रायमर (जनुकाचा ठरावीक तुकडा पकडणारे छोटे डीएनए धागे) मागवले तर निष्कर्षच उलटा निघू शकतो.

एका जनुकाच्या अनेक प्रती असतात, म्हणून प्रायमर ३' टोकाच्या अननुवादित भागात (जिथे प्रती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात) बसवा. क्यूपीसीआरसाठी (तुकड्याच्या प्रती वाढवत केलेली मोजणी) तुकडा ८०–१५० बेसचा, कार्यक्षमता ९०–११०%, वितळण-आलेखात एकच शिखर, म्हणजे एकच तुकडा. तुलनेसाठी स्थिर धरलेली संदर्भ जनुके किमान दोन घ्या आणि ती स्वतःच्याच नमुन्यांवर पारखा. पानात स्थिर असलेले ॲक्टिन कळीत स्थिर असेलच असे नाही.