अफवा ओळखायला शिकवणारं संकेतस्थळ कसं बनवाल?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि एकाला उचलून पसार होतात. मुळात ती कराचीतली जनजागृतीची जाहिरात. तिच्यात ते दोघे लगेच परत येऊन मुलाला सोडतात, पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच शेवट कापला.

संकेतस्थळाची सुरुवात अशा एकाच अफवेने करा. ‘फेक न्यूज म्हणजे काय’ हे पान कुणी वाचत नाही, मीही नाही.

आधी कागदावर गोष्ट लिहा. वाचकाच्या फोनवर अर्धवट व्हिडिओचं वर्णन येतं, खाली तीन बटणं: पुढे पाठवा, दुर्लक्ष करा, तपासून बघा. निवड केल्याशिवाय उत्तर दाखवायचं नाही. ‘पुढे पाठवा’ दाबणाऱ्याला ‘चूक!’ असं लाल अक्षरांत सुनावू नका. तो मेसेज पुढे कुठे पोचला ते दाखवा: सोसायटीचा ग्रुप, मग मामाचं गाव, मग आठवडी बाजार. ‘तपासून बघा’ दाबलं की काम प्रत्यक्ष करून घ्या: व्हिडिओतलं एक चित्र थांबवून गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारं साधन) टाकायचं, जुने निकाल शोधायचे.

कोडिंग येत नसेल तर ट्वाइन वापरा. वाचकाच्या निवडीनुसार पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायचं हे साधन फुकट आहे. प्रत्येक प्रसंगाचा चौकोन करायचा. दुहेरी चौकटी कंसात, म्हणजे [[ ]] मध्ये, पुढच्या प्रसंगाचं नाव लिहिलं की दुवा तयार. ब्राउझरमध्ये काम करत असाल तर रोज प्रत उतरवून ठेवा, ब्राउझरचा डेटा पुसला की गोष्टही जाते. शेवटी ब्राउझरमध्ये उघडणारी एकच एचटीएमएल फाइल मिळते. ती गिटहब पेजेसवर, म्हणजे संकेतस्थळं ठेवायच्या सेवेवर, मोफत ठेवता येते.

दोन गोष्टी हमखास राहतात. तुम्ही बनवलेल्या प्रत्येक खोट्या मेसेजवर, अगदी मधोमध, ‘सरावासाठी’ असा ठसा हवा; नाहीतर त्याचाच स्क्रीनशॉट गावभर होईल. आणि चार खोट्यांमागे दोन-तीन खरे मेसेज पेरा: खरी पाणीकपात, खरा हवामानाचा इशारा. सगळंच खोटं निघालं तर माणूस कशावरच विश्वास ठेवेनासा होतो, आणि तेही धोक्याचंच.

अक्षरं मोठी ठेवा, ओळींत अंतर सोडा, नाहीतर मात्रा-वेलांट्या एकमेकींत अडकतात.

मग घरातल्या साठीच्या माणसाच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. आमच्या मावशीने पहिल्याच पानावर बटणाऐवजी चित्रावर बोट ठेवलं, तीनदा. मी चित्रालाच बटण केलं.