केनियाची लोकसंख्या आणि राज्यकारभार: बेळगाव जिल्हा हाताशी धरून अभ्यास कसा करावा

आफ्रिकेतल्या एखाद्या देशाची माहिती लिहून आणा म्हटलं की मुलं राजधानी, चलन, झेंडा आणि राष्ट्राध्यक्षाचं नाव उतरवून आणतात. वही भरते. पण तिथली माणसं कुठे राहतात आणि त्यांच्या संख्येवरून सत्ता नि पैसा कसा वाटला जातो, हे काही कळत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात समाजविज्ञान शिकवते. लोकसंख्या आणि राज्यकारभार हे दोन सुटे धडे म्हणून शिकवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्या सीमाभागातल्या मुलांना तर हे चटकन उमगतं. स्थानिक लोकसंख्येत १५ टक्के असलेल्या भाषिक अल्पसंख्याकांना सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेत मिळावीत, ही मागणी ती लहानपणापासून घरात ऐकत आलेली असतात. डोकी मोजण्यावर काय काय अवलंबून असतं, ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मी केनिया निवडते, कारण तिथली राज्यघटना २०१० ची, म्हणजे ताजी आहे, आणि जनगणनेचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत.

सुरुवात आकड्यापासून करा, पण वर्ष लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री कोण कुठे होतं, हे धरून केनियात जनगणना झाली. लोकसंख्या भरली ४,७५,६४,२९६. हा आकडा पाठ करून काही हाती लागत नाही. फळ्यावर शेजारी बेळगाव जिल्ह्याचा २०११ चा आकडा मांडा: ४७,७९,६६१. आता भागाकार करायला लावा. उत्तर जवळजवळ दहा येतं. "टीचर, म्हणजे दहा बेळगावं की!" असं कुणीतरी म्हणतंच. दोन्ही वर्षं वेगळी आहेत, हे तेव्हाच बजावून सांगा. अंदाज बांधायला हरकत नाही, पण उत्तरपत्रिकेत 'तंतोतंत दहापट' नको.

मग घनता काढा. आपल्या जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ३५६ माणसं, केनियात सरासरी ८२. मात्र ही सरासरी फसवी आहे, म्हणून इथे घाई करू नका. केनियाची सुमारे ८० टक्के जमीन कोरडी किंवा निमकोरडी. वायव्येला तुर्काना काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला स्वतःचं सरकार असलेला प्रांत) मैलोन्‌मैल गुरंराखी समाज, चौरस किलोमीटरला जेमतेम १४ माणसं. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या पावसाळी विहिगा काउंटीत तोच आकडा हजाराच्या वर. वहीत नकाशा काढून या दोन काउंट्या वेगवेगळ्या रंगांनी भरा. मग मुलांना विचारा, आपल्या खानापुरात पाऊस धो धो पडतो, तरी वस्ती विरळ का? जंगल आणि घाट, हे उत्तर येईल. पाऊस असला की दाट वस्ती असा सरळ नियम करता येत नाही, हे त्यांचं त्यांनाच समजतं.

वयाचा आकडा एका ओळीत उरकला तरी चालेल, पण वगळू नका: ३५ वर्षांखालची माणसं सुमारे ७५ टक्के. शाळा, नोकऱ्या आणि मतदार, तिन्हींवर याचा भार आहे.

आता कारभाराकडे या. इथून पुढे प्रत्येक पदाजवळ एकच प्रश्न लिहायचा: इथे माणसं मोजली जातात की प्रदेश? केनियाच्या संसदेची दोन सभागृहं, राष्ट्रीय सभा आणि सिनेट. राष्ट्रीय सभेत मतदारसंघांतून २९० सदस्य येतात आणि मतदारसंघ लोकसंख्या पाहून आखले जातात; विरळ वस्तीच्या भागाला त्यात ४० टक्क्यांपर्यंत सूट आहे. शिवाय ४७ काउंट्यांतून प्रत्येकी एक महिला आणि १२ नियुक्त सदस्य. सिनेटचं मात्र उलट. प्रत्येक काउंटी एकच सिनेटर निवडून देते. नैरोबीची लोकसंख्या जवळपास ४४ लाख, लामूची १ लाख ४४ हजार, म्हणजे तीसपट फरक, तरी निवडलेला सिनेटर दोघींचा एकेकच. आपल्या राज्यसभेत लोकसंख्येप्रमाणे जागा आहेत: महाराष्ट्राला १९, कर्नाटकाला १२, गोव्याला १. हे दोन तक्ते शेजारी शेजारी मांडा आणि वर्गात वाद होऊ द्या. लहान प्रदेशाला समान मान द्यावा की माणसागणिक मत मोजावं? आमच्याकडची मुलं दोन्ही बाजूंनी जीव तोडून बोलतात.

राष्ट्राध्यक्षाची निवड सर्वांत जपून शिकवा. केनियाच्या जनगणनेत समाजाचीही नोंद होते. सगळ्यांत मोठा किकुयू समाज, तरी तो ८१ लाख, म्हणजे सुमारे १७ टक्केच. कुणाचंच बहुमत नाही. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर समाजासमाजांत हिंसाचार उसळला, हजारांवर माणसं मेली, लाखो बेघर झाली. २०१० च्या घटनेमागे ही जखम आहे. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच, वर किमान २४ काउंट्यांत २५ टक्के मतंही हवीत. फक्त आपल्या भागाच्या जोरावर तिथे गादी मिळत नाही. ही अट मुलांना नुसती कलम म्हणून घोकायला देऊ नका, आधी २००७ सांगा. न्यायालयाचं बळ दाखवायला १ सप्टेंबर २०१७ ची तारीख पुरेशी आहे: त्या दिवशी केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरवली.

काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद असं लिहू नका. आपल्याकडे अध्यक्षाची निवड सदस्य करतात. तिथे गव्हर्नरला लोक थेट मत देतात. आरोग्य केंद्रं, शेती, काउंटीचे रस्ते, बालवाड्या काउंटीकडे. पोलीस आणि प्राथमिकपासून पुढचं शिक्षण केंद्राकडे. राष्ट्रीय महसुलातला किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना द्यावा, असं घटनेतच लिहिलं आहे. तो आपसात वाटताना लोकसंख्येला मोठं वजन असतं. म्हणूनच मोजणीवर तिथे भांडणं होतात. २००९ च्या जनगणनेत उत्तरेकडच्या ८ जिल्ह्यांतली वाढ अविश्वसनीय म्हणून सरकारने ते आकडे नाकारले, आणि तिथले लोक न्यायालयात गेले. हा प्रसंग मी कधीच गाळत नाही. आपली गणती खोटी ठरवली गेली की माणसाला काय वाटतं, ते बेळगावच्या मुलाला कळायलाच हवं.

भाषेसाठी घटनेचं सातवं कलम वाचून दाखवा: स्वाहिली राष्ट्रभाषा, स्वाहिली आणि इंग्रजी कामकाजाच्या भाषा, आणि इतर भाषांचं संवर्धन करण्याची जबाबदारी राज्याची.

शेवटी प्रत्येक मुलाला एक काउंटी वाटून द्या. एका पानावर त्यानं तिची लोकसंख्या, घनता, राष्ट्रीय सभेतल्या जागा आणि दवाखान्याला कुलूप असलं तर तिथल्या माणसानं कुणाकडे दाद मागायची, एवढं लिहायचं. त्याच पानाच्या मागे हेच सगळं आपल्या तालुक्याचं. ते भरायला मुलं पंचायतीत चौकशी करू लागली, तर त्यांना जाऊ द्या.