ज्ञानरचनावाद वर्गात आणताना या चुका टाळा

तिसरीच्या वर्गात एका मुलाने पाटीवर ५२ वजा ३७ केले आणि उत्तर लिहिले २५. आता तुम्ही काय करता? बरीच वर्षे मी फुली मारत होते. फळ्यावर बरोबर रीत करून दाखवायची, आणि तेच उदाहरण मुलाकडून पाच वेळा लिहून घ्यायचे. म्हणजे मुलाला रीत माहीत नाही, आपण ती भरायची आणि सरावाने पक्की करायची, असे मी धरून चालले होते. मी कोणतेही तत्त्वज्ञान वापरत नव्हते असे मला वाटे, पण फुली मारणाऱ्या हातामागेही एक तत्त्वज्ञान असतेच.

मूल स्वतःच्या अनुभवातून आपले ज्ञान आपणच रचते, या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात. तो मांडणारा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सालचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शिक्षकांच्या प्रत्येक केंद्र संमेलनात (आसपासच्या शाळांच्या बैठकीत) ऐकू येऊ लागला. शब्द आला तसा गैरसमजांचा पसाराही आला. त्यातले जे मी स्वतः केले आणि इतर शाळांत पाहिले, ते इथे मांडते.

फरशी रंगवली की झाले, असे समजणे

ज्ञानरचनावादी वर्गांसाठी गाजलेले साताऱ्याचे कुमठे बीट (शाळांचा एक गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या वर्गांत फरशीवर आखलेले अंक, अक्षरे, तक्ते होते, मुले खाली बसून काड्या-मणी घेऊन आपापले काम करत होती. परत आल्यावर आम्ही काय केले? ऑइलपेंटचे डबे आणले. सुट्टीत फरशी रंगवली, भिंती रंगवल्या, फोटो काढले. शाळा सुरू झाल्यावर मात्र मी त्याच फरशीवर मुलांना ओळीने बसवले आणि अंकांवर पट्टी ठेवून म्हणवून घेतले, ‘बोला, एक्कावन्न, बावन्न...’ फळा उभा होता तो आडवा झाला, एवढाच फरक.

तुमच्या वर्गात हे झाले आहे का, ते तपासायची एक सोपी खूण आहे. आखलेल्या तक्त्यापाशी तुम्ही नसताना मूल जाते का? गेल्यावर त्याला तिथे काही करता येते का, की फक्त वाचता येते? संख्यारेषेवर उड्या मारून वजाबाकी करता येते, तेव्हा ती कामाची. नुसती पाहायची असेल तर तो रंग वाया गेला. कमी आखा, पण जे आखाल त्यावर रोज कोणीतरी काहीतरी करत असले पाहिजे.

चुकीचे उत्तर लगेच दुरुस्त करणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

त्या २५ कडे पुन्हा पाहा. मुलाला विचारा, ‘हे कसं केलंस रे? मला सांग.’ आवाजात फुली नको, खरी उत्सुकता हवी. मूल सांगते, ‘बाई, सातातून दोन गेले पाच. पाचातून तीन गेले दोन.’ म्हणजे त्याने अंदाजे काहीही लिहिलेले नाही. त्याच्यापाशी एक नियम आहे: मोठ्यातून लहान काढायचे. आणि हा नियम त्याला दिला कोणी? पहिलीत आपणच सांगितले होते, ‘लहान संख्येतून मोठी वजा होत नाही.’ ते त्याने नीट लक्षात ठेवले. मूल शाळेत येते ते रिकाम्या पाटीसारखे नसते. जे ऐकले, पाहिले, त्यातून त्याने स्वतःची एक रचना बांधलेली असते. मुले कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचे म्हणणे वर्गात दिसते ते असे.

आता त्याला दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या द्या. म्हणा, ‘यातल्या सदतीस मला दे.’ तो तीन जुड्या देईल. मग सात सुट्या द्यायला जाईल आणि हातात दोनच असतील. इथे तुम्ही गप्प राहायचे. हे गप्प राहणे मला फार जड गेले. अर्धा मिनिट तासासारखा वाटतो, बाकीची मुले चुळबुळ करतात. पण बहुतेक मुले शेवटी जुडीचे रबर सोडतात. बारा सुट्यांतून सात देतात, पाच उरतात, शेजारी एक जुडी. पंधरा. मग पाटीवरचे २५ त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘आता काय वाटतं?’ पाटी त्यालाच पुसू द्या. ‘हातचा’ हा शब्द त्यानंतर सांगा. तोपर्यंत जुडी सोडण्याचा अर्थ त्याच्या हाताला कळलेला असतो.

जुडी सोडायचे सुचलेच नाही तर? मग उत्तर सांगू नका, संख्या लहान करा. १२ मधून ७ मागा. तेही अडले तर अडचण वजाबाकीत नसून दशक-एककात आहे, तिथे परत जा.

‘शिक्षकाने काही सांगायचेच नाही’

ही उलट्या टोकाची चूक. प्रशिक्षणात ‘शिक्षक हा सुलभक’, म्हणजे शिकणे सोपे करून देणारा, असे ऐकले आणि काही वर्गांत शिकवणेच थांबले. पण ‘क’ला ‘क’ का म्हणायचे, हे कोणतेही मूल शोधून काढू शकत नाही. तो समाजाने ठरवलेला संकेत आहे, तो सांगावाच लागतो. जुडी सोडली तर दहा सुट्या मिळतात, हे मात्र मूल स्वतः समजू शकते. या दोन ज्ञानांत पियाजे यांनीच फरक केला आहे. संख्यांची नावे पहिल्या प्रकारात बसतात. आपल्या मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून कित्येक मुले ५२ ऐवजी २५ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ असेही वाचन दिले, तेव्हा त्यावर किती गदारोळ झाला! वर्गात दोन्ही बोला, ‘पन्नास दोन, बावन्न’. मला त्याचा उपयोग झाला.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की तर म्हणतात की मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांच्या मधल्या जागेत शिकणे घडते. तिथे मदत करणारे आपणच.

टाचणाचा (पाठाच्या लेखी आखणीचा) जुना साचा तसाच ठेवणे

डी.एड.ला आपण जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, घोटली. प्रस्तावनेचे चार प्रश्न, मग हेतुकथन: ‘आज आपण हातच्याची वजाबाकी शिकणार आहोत.’ टाचणाच्या वर ‘ज्ञानरचनावादी पाठ’ लिहिले, तरी हे वाक्य आले की मुलाच्या शोधाची हवा निघून जाते. उत्तर कुठे दडले आहे ते आपण आधीच सांगून टाकलेले असते. हेतुकथन टाचणात तुमच्यासाठी लिहा. वर्गात बोलायचे ते कोडे: ‘बावन्न काड्या आहेत, सदतीस द्यायच्यात.’

साहित्य कपाटात, किंवा नुसते खेळायला

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या साहित्यात लाकडी दंडगोल असतात, कमी-जास्त जाडीचे. एक चुकीच्या खाचेत बसवला की शेवटचा बसतच नाही. चूक मुलाला वस्तूच दाखवते, बाईंना बोलावे लागत नाही. साहित्य निवडताना हीच कसोटी लावा. ते महागच असले पाहिजे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. परवडणारी बालवाडी उभी राहावी म्हणून त्यांनी भोवतालच्याच वस्तू साहित्य म्हणून घेतल्या. चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणे आपल्यापाशीही आहेत. फुटेल म्हणून कुलपात ठेवलेली पेटी कोणालाच शिकवत नाही.

चौघांचा गट, एकाचे काम

हे पटकन सुटते. गटात एकच पाटी असेल तर हुशार मूलच लिहिणार. प्रत्येकाला वेगळा भाग द्या: एकाने जुड्या सोडायच्या, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, एकाने वर्गाला सांगायचे. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दोन इयत्ता एकत्र सांभाळत असाल तर चौथीतला एखादा गट तिसरीला जोडा, दोघांचेही भले होते.

नोंदी छापील पुस्तिकेतून उतरवणे

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर चालणारे मूल्यमापन, आहे. आकारिक नोंदीत (मूल शिकत असताना करायच्या नोंदीत) ‘गणितात रस घेतो’ असे चाळीस मुलांपुढे लिहिले, तर त्याचा पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय उपयोग? त्याऐवजी लिहा: ‘दोन अंकी वजाबाकीत मोठ्यातून लहान अंक काढतो. काड्यांनी जमते, लेखी अजून नाही.’ रोज तीन मुलांची नोंद पुरते. तीन आठवड्यांत सगळा वर्ग होतो.

आणि पालक म्हणाले, ‘शाळेत नुसत्या काड्या खेळतात’, तर वाद घालू नका. पालकसभेत त्यांच्याच मुलासमोर पाच जुड्या ठेवा आणि सदतीस काड्या मागा. आमच्याकडे एका सभेत मुलगी जुडीचे रबर सोडत होती, आणि मागे बसलेली तिची आई ओठांतल्या ओठांत मोजत होती.