पोस्टरवर काळे जनावर, पडद्यावर सहा वर्षांची एमी: ‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’ कसा पाहावा

‘मांजरमाणसांचा शाप’ या अर्थाचे नाव, पोस्टरवर दात विचकणारे काळे जनावर आणि काळे संकट पुन्हा दबक्या पावलांनी येत असल्याची जाहिरातीतली ग्वाही, एवढ्यावर विसंबून जो प्रेक्षक १९४४ सालचा हा कृष्णधवल अमेरिकी चित्रपट लावतो, तो थोड्याच वेळात चुळबुळू लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या टॅरीटाऊन गावात स्वतःशीच खेळणारी एमी नावाची एकलकोंडी मुलगी त्याला दिसत असते, आणि शापाचा पत्ता नसतो.

असे का झाले, हे आधी माहीत असलेले बरे. आरकेओ या हॉलिवूडच्या स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटन याच्याकडे कमी खर्चाचे आणि सव्वा तासाच्या आत संपणारे भयपट काढण्याचे काम होते. शीर्षक स्टुडिओ ठरवून देई आणि त्या शीर्षकाखाली कोणती गोष्ट घालायची, हे ल्यूटन पाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ने चांगला गल्ला जमवला, तेव्हा त्याचा पुढचा भाग काढण्याची मागणी झाली, ल्यूटन आणि पटकथाकार डिविट बोडीन यांनी जुनीच पात्रे घेतली, पण त्यांच्या संसारात एक मुलगी आणून गोष्ट तिच्या बालपणाची केली. ल्यूटनला नावही ‘एमी अँड हर फ्रेंड’ असे हवे होते, ते स्टुडिओने मान्य केले नाही. चित्रपट लावताना आपण मनातल्या मनात हेच नाव वाचावे, म्हणजे निम्मी फसगत टळते.

पहिला भाग पाहिलाच पाहिजे असे नाही. एमीचा बाप ऑलिव्हर, त्याची पहिली पत्नी इरेना हिला आपण भावनावेगात हिंस्र श्वापद होऊ अशी धास्ती होती, त्यातच तिचा अंत झाला आणि पुढे ऑलिव्हरने ॲलिसशी लग्न केले, एवढे ठाऊक असले की पुरे. मुलगी कल्पनेत रमू लागली की हा बाप इतका का धास्तावतो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. दोन्ही चित्रपट एकाच रात्री पाठोपाठ पाहणे मात्र टाळावे, कारण पहिल्याची भीती डोक्यात घेऊन बसलेला माणूस दुसऱ्यात उगाच मांजर शोधत राहतो. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला मी नेमका असाच दाखवला, आणि मधल्या बागेतल्या सुंदर प्रसंगात त्याने दोनदा विचारले, “मावशी, मांजर कधी येणार?”

खरे लक्ष द्यायचे ते वाढदिवसाच्या प्रसंगाकडे. मेज मांडलेले आहे, एमी नटून वाट पाहते आहे आणि एकही मूल येत नाही. चौकशी केल्यावर कळते की आमंत्रणाची पाकिटे तिने बागेतल्या झाडाच्या ढोलीत टाकली होती, कारण ती ढोली म्हणजे जादूची टपालपेटी आहे, असे बापानेच तिला ती लहान असताना सांगितले होते. येथे एमीकडे न पाहता ऑलिव्हरच्या चेहऱ्याकडे पाहावे. स्वतः रचलेली थाप मुलीने खरी मानली, याचा त्याला पश्चात्ताप होण्याऐवजी तिच्या समजुतीचीच चिंता वाटते. पुढे आमंत्रण न मिळालेल्या मुली तिला खेळायला घेत नाहीत, ती एका जुन्या वाड्यापाशी जाते, खिडकीतून रुमालात बांधलेली अंगठी खाली पडते, आणि त्या अंगठीकडे ती मैत्रीण मागते. जी येते ती इरेना. तिला भूत म्हणावे की मनाचा खेळ, हे चित्रपट ठरवून देत नाही आणि आपणही घाईने ठरवू नये. ती कोणाला इजा करत नाही, एवढी नोंद मात्र घ्यावी.

भयाची दृश्ये आहेत, नाही असे नाही, पण ती पाहण्याची रीत वेगळी आहे. प्रत्येक वेळी ही भीती कोणाची आणि तिचा उगम कोठे, असे स्वतःला विचारावे. वाड्यातली वृद्ध नटी मिसेस फॅरन एमीला मुंडके नसलेल्या घोडेस्वाराची कथा अंगात आल्यासारखी सांगते. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने प्रसिद्ध केलेली ही कथा याच परिसरातली आहे. नंतर बर्फाळ रात्री पुलावर एमीला टापांचा आवाज ऐकू येतो. या ठिकाणी क्षणभर डोळे मिटून फक्त आवाज ऐकावा आणि मगच पडद्याकडे पाहावे: येते ती मोटारगाडी, चाकांना साखळ्या बांधलेली. मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट लहान मुलीच्या कानात कशी टापा टाकते, ते याहून नेमके दाखवणे कठीण आहे.

त्याच वाड्यात बार्बरा राहते, आणि तिची आई मिसेस फॅरन तिला मुलगी मानायलाच तयार नाही. माझी मुलगी सहाव्या वर्षीच वारली, असे ती म्हणत राहते. पोस्टरच्या हिशेबाने बार्बरा ही खलनायिका. तिच्याकडे तसे न पाहता एमीच्या शेजारी ठेवून पाहावे. एकीचे म्हणणे बाप खरे मानत नाही, दुसरीचे असणेच आई खरे मानत नाही. ही जोडी ध्यानात आली की शेवटचा जिन्यावरचा प्रसंग उलगडतो. तो मी येथे सांगत नाही.

दिग्दर्शनाच्या श्रेयात दोन नावे दिसतात. गुंथर फॉन फ्रिच यांचे काम वेळापत्रकाच्या मागे पडल्यामुळे संकलक रॉबर्ट वाइज यांच्याकडे ते सोपवले गेले आणि तेथून वाइज यांची दिग्दर्शकीय कारकीर्द सुरू झाली. दोघांच्या कामाची जोड कोठे आहे, हे शोधण्यात वेळ घालवू नये. मला ती कधीच सापडलेली नाही.

इतरांना दाखवायचा असेल, तर भयपटांच्या रात्री दाखवू नये, हे खरे. पण भयपटाच्या शौकिनांना वगळण्याचेही कारण नाही. समीक्षक जेम्स एजी यांनी तो अशाच नेहमीच्या प्रेक्षकांत बसून पाहिला होता, आणि शापाची कथा पाहायला आलेल्या त्या मंडळींनी अखेरीस मनापासून टाळ्या वाजवल्या, असे लिहून ठेवले आहे. मुलांसोबत पाहताना सत्तर मिनिटे सलग पाहावा, मध्ये थांबवून समजावत बसू नये. संपल्यावर “इरेना खरी होती का?” हा प्रश्न आपण विचारू नये. तो मुलाने विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी शेवटी बाप एमीला काय सांगतो, ते एकदा मागे जाऊन दोघांनी पुन्हा ऐकावे.